खाडीकाठच्या शाळेची सहल: रत्नागिरीत एका दिवसात मुलांना काय दाखवू?

खाडीवरची बाई :

नमस्कार मंडळी. मी मूळची लातूर जिल्ह्यातली. गेल्या जूनपासून रत्नागिरी तालुक्यातल्या एका खाडीकाठच्या जिल्हा परिषद शाळेत शिकवते. पाचवी ते सातवीची मिळून ३८ मुलं आहेत. बरीचशी खारवी, भंडारी आणि दालदी या किनाऱ्यावरच्या समाजांच्या घरांतली. उरलेल्यांच्या घरी थोडी आंब्याची कलमं, नाहीतर वडील मुंबईला नोकरीला.

मुलं हुशार आहेत, पण ती हुशारी वहीत उतरत नाही. सहावीतली एक मुलगी टोपलीतल्या ढिगातून पेडवे आणि तारल्या बघता बघता वेगळ्या करते. मला ते दोन्ही मासे आजही सारखेच दिसतात. परीक्षेत ‘माशांविषयी पाच ओळी लिहा’ म्हटलं की हीच मुलगी ‘मासा पाण्यात राहतो, मासा कल्ल्यांनी श्वास घेतो’ एवढं लिहून थांबते. तिला जे येतं ते शाळेत लिहायचं असतं, हेच तिला कुणी सांगितलेलं नाही.

जानेवारीत एका दिवसाची सहल काढायची आहे. एसटी करू, डबे घरून आणू. दरवर्षी सहल देवदर्शन आणि वॉटरपार्क अशी जाते. यंदा रत्नागिरी शहरातच जावं असं माझ्या मनात आहे, पण पालकसभेत एक जण म्हणाले, ‘समुद्र काय दाखवायचा, तो तर रोजच दारात आहे.’ त्यांचंही खोटं नाही. म्हणून विचारते. या मुलांनी काय पाहावं? सहलीच्या आधी आणि नंतर वर्गात काय करावं? शाळेच्या चार भिंतींत पुस्तकं सोडून आणखी काय आणता येईल? जाणकारांनी सविस्तर लिहावं, मी सगळं वाचेन.


निवृत्त गुरुजी :

बाई, तुमच्या त्या पेडवे-तारलीवाल्या मुलीपासूनच सुरुवात करा. माझी सगळी नोकरी राजापूर आणि रत्नागिरी तालुक्यांत, किनाऱ्यावरच्या शाळांत झाली. त्यावरून एक सांगतो. सहलीला निघताना मुलाच्या खिशात त्याचा स्वतःचा एक प्रश्न हवा. तो नसेल तर राजवाडा असो की मत्स्यालय, मुलं काचेला नाक लावतात आणि पुढे सरकतात.

सहल जानेवारीत आहे, तर आत्तापासून भरतीची वही घाला. एक सरळ बांबू घ्या, त्याच्यावर दहा-दहा सेंटिमीटरचे लाल-पांढरे पट्टे रंगवा आणि धक्क्याच्या खांबाला पक्का बांधा. दोन-दोन मुलांची पाळी लावा. शाळा भरताना, मधल्या सुट्टीत आणि सुटताना पाणी कितव्या पट्ट्यावर आहे ते लिहायचं, शेजारी तारीख आणि तिथी. कालनिर्णय प्रत्येक घरात भिंतीवर असतंच.

पंधरवडाभर वही चालली की मुलांना घरी विचारायला सांगा, ‘भरती किती वाजता, हे तुम्ही कसं ओळखता?’ कुणाचे तरी आजोबा सांगतील की तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन, म्हणजे तीन वाजता पूर्ण भरती. अष्टमीला आठ पाऊण सहा. एकादशीला सव्वाआठ. पौर्णिमेला आणि अमावास्येला बाराच्या आसपास. आपली जुनी पाऊणकी शाळेतून गेली, पण होडीवर ती अजून चालते. मुलं हा हिशोब आपल्या वहीशी ताडून बघतील आणि तुम्हाला सांगतील की बाई, थोडा फरक पडतो. तिथून खरं शिकणं सुरू होतं. भरती रोज सुमारे ५० मिनिटं उशिरा येते आणि पाऊण तास म्हणजे ४५ मिनिटं, हा एक फरक. खाडीच्या मुखाशी भरती आधी येते आणि आत तुमच्या धक्क्यापर्यंत पोचायला तिला वेळ लागतो, हा दुसरा. उधाणाला (पौर्णिमा-अमावास्येच्या मोठ्या भरतीला) पाणी कुठवर चढतं आणि भांगाला (अष्टमीच्या आसपासच्या लहान भरतीला) किती कमी चढतं ते बांबूवर दिसतंच. चंद्र, सूर्य, पृथ्वी हा सातवीचा धडा त्याच बांबूपाशी शिकवा. फळ्यावर तीन वर्तुळं काढून तो कुणाला कळल्याचं मला आठवत नाही.

आता सहल. एका दिवसात तीनच ठिकाणं घ्या. चौथं घेतलंत की मुलं दमतात आणि तिसरंही विसरतात.

पहिलं ठिकाण समुद्रच, पण प्रश्न घेऊन. रत्नदुर्ग किल्ल्याच्या एका अंगाला मांडवीचा काळा समुद्र आहे, दुसऱ्या अंगाला पांढरा समुद्र. दोन्हीकडची मूठ-मूठ वाळू वेगवेगळ्या पिशव्यांत भरून घ्या. काळ्या वाळूतून लोहचुंबक फिरवलं की त्याला दाढी फुटते. इल्मेनाइट, मॅग्नेटाइट अशी जड लोहखनिजं त्या वाळूत आहेत. पांढऱ्या वाळूत शिंपल्यांचा चुरा असतो, शाळेत आल्यावर तिच्यावर लिंबू पिळून बुडबुडे बघा. एकाच गावच्या दोन किनाऱ्यांची वाळू वेगळी का, हा प्रश्न पालकसभेतल्या त्या गृहस्थांनाही घाला. त्यांनाही तो आवडेल.

दुसरं झाडगावचं सागरी जीवशास्त्र संशोधन केंद्र. तिथे मत्स्यालय आणि संग्रहालय आहे. शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयातलं कुणी इथे असेल तर त्यांनी त्याबद्दल जास्त सांगावं. माझी सूचना एवढीच की देवमाशाच्या सांगाड्यापाशी निदान वीस मिनिटं थांबा. सुमारे ५५ फुटांचा आहे तो. मुलांना त्याच्या बाजूने पावलं मोजत चालू द्या. मग विचारा, हा मासा आहे का? कल्ले कुठे असते? देवमाशाच्या वल्ह्यासारख्या हातात आपल्यासारखीच दंडाची, मनगटाची, बोटांची हाडं असतात. हे चित्रात सांगून पटत नाही.

तिसरं थिबा पॅलेस, आणि तिथे मी तुमचा थोडा जास्त वेळ घेणार आहे, कारण मुलांना तिथे नुसतं ‘ब्रह्मदेशाचा राजा इथे राहत होता’ एवढंच सांगतात. जाण्याआधी आठवडाभर वर्गात एक नकाशा लावा. १८८५ साली इंग्रजांनी मंडालेला थिबा राजाचं राज्य घेतलं, त्याला आधी मद्रासला नेलं आणि १८८६ मध्ये रत्नागिरीला आणून ठेवलं. आत्ता दिसतो तो वाडा १९१० मध्ये बांधून झाला आणि १९१६ मध्ये राजा इथेच वारला. त्याने आपला देश पुन्हा पाहिला नाही. थिबाला इथे आणण्याच्या सुमारे अठ्ठावीस वर्षं आधी इंग्रजांनीच दिल्लीच्या बहादूरशहा जफरला उलट दिशेने रंगूनला नेऊन ठेवलं होतं. या दोन बोटी नकाशावर मुलांकडून दोऱ्याने दाखवून घ्या.

मग विचारा, रत्नागिरीच का? याचं उत्तर तुमच्या मुलांना पुण्या-मुंबईच्या मुलांपेक्षा लवकर सुचेल. त्या वेळी इथे रेल्वे नव्हती. पूर्ण कोकण रेल्वे १९९८ ला सुरू झाली. तेव्हा बोटीने यायचं, आणि पावसाळ्यात बंदर बंद. म्हणजे वर्षातले चार महिने गाव जगापासून तुटलेलं. पुढे सावरकरांनाही १९२४ पासून स्थानबद्धतेत इथेच ठेवलं. ज्या समुद्राने हे गाव मोठं केलं त्यानेच ते कैद्यांसाठी सोयीचंही केलं. वरच्या सज्जातून भाट्याची खाडी दिसते. मुलांना तिथे गप्प उभं करा आणि राजाला रोज काय दिसत असेल ते वहीत लिहायला सांगा. तुमची ती मुलगी पाच ओळींवर थांबणार नाही.

वाडा पुरातत्त्व खात्याकडे आहे, सोमवार टाळा आणि आधी पत्र देऊन ठेवा. टिळक आळीत लोकमान्यांचं जन्मघर आहे. वेळ उरला तर जरूर जा, वडील गंगाधरपंत शिक्षक होते हे मुलांना सांगा, पण त्यासाठी वरच्या तिघांतलं काही घाईत उरकू नका.

कातळशिल्पं सहलीत घालू नका, त्यांना वेगळी सकाळ द्या. उक्षी गावचा हत्ती तुम्हाला सोयीचा पडेल. सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, जांभ्यात कोरलेला अख्खा हत्ती आहे आणि गावाने त्याला दगडी गडगा घालून तो राखला आहे. कोकणातल्या आणि गोव्यातल्या नऊ ठिकाणांचा युनेस्कोच्या संभाव्य यादीत २०२२ मध्ये समावेश झाला, त्यात उक्षी आहे. काही सड्यांवर एकशिंगी गेंडाही कोरलेला आहे. आज कोकणात गेंडा नाही, मग कोरणाऱ्याने तो पाहिला कुठे? दहा वाजायच्या आत जाऊन या, जांभा तापला की मुलं उभी राहत नाहीत. रेघा उठून दिसाव्यात म्हणून त्यांत खडू किंवा रांगोळी कुणालाही भरू देऊ नका.

पुस्तकांसाठी रत्नागिरीच्या जिल्हा नगर वाचनालयात एकदा जाऊन या. १८२८ सालचं आहे, म्हणजे टिळकांच्या जन्माच्या आधीपासून तिथे पुस्तकं आहेत. मुलांची पुस्तकं शाळेला पेटीने देता येतील का ते समक्ष विचारा.


शिरगावची माजी विद्यार्थिनी :

गुरुजींनी हाक मारलीच आहे तर लिहिते. मी शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात शिकले. आमचं कॉलेज १९८१ चं, झाडगावचं केंद्र १९५८ चं, दोन्ही दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाखाली येतात. ताई, झाडगावला जाण्याआधी शाळेच्या लेटरहेडवर पत्र द्या आणि त्यात ‘माहिती सांगायला कुणी भेटावं’ असं स्पष्ट लिहा. नुसतं तिकीट काढून गेलात तर मुलं टाक्यांपुढून पळतील.

पण तुम्ही वर्गात काय आणता येईल असंही विचारलंत, त्यावर माझ्याकडे सांगण्यासारखं जास्त आहे. पहिली गोष्ट म्हणजे माशांच्या डोक्यातले दगड. ढोम्याचं किंवा घोळीचं डोकं खाताना दाताखाली जो पांढरा, चपटा खडा येतो तो सगळ्या मुलांनी थुंकून टाकलेला असतो. तो माशाच्या कानातला असतो, त्यावर माशाचा तोल सांभाळला जातो. झाडाच्या बुंध्यासारखी त्याच्यात वाढीची वर्तुळं असतात, शास्त्रज्ञ ती मोजून माशाच्या वयाचा अंदाज बांधतात. मुलांना आठवडाभर घरी जेवताना खडे जमवायला सांगा. धुऊन, वाळवून पुठ्ठ्यावर चिकटवा, खाली माशाचं नाव, माशाची लांबी आणि कुठल्या जाळ्यात मिळाला ते. खर्च काही नाही, आणि हे तुमच्या शाळेचं संग्रहालय झालं. आम्ही कॉलेजला गेल्यावर शिकलो ते तुमची पाचवीतली मुलं करतील.

दुसरी गोष्ट पट्टी. २०२३ मध्ये राज्य सरकारने पापलेटला राज्यमासा जाहीर केलं, आणि त्याच वर्षी ५४ जातींच्या माशांसाठी किमान लांबी ठरवून दिली. पापलेटची १३५ मिलिमीटर आहे. मुलांना पट्टी घेऊन धक्क्यावर बसवा, आलेल्या माशांची लांबी लिहून सरासरी काढू द्या. सरासरीचं गणित कायमचं डोक्यात बसेल. लहान पिल्लू पकडलं तर त्याने अंडी कधी घालायची, हा प्रश्न मुलंच घरी नेतील. मोठ्यांनी सांगून जे होत नाही ते पोरांनी जेवताना विचारल्यावर होतं, हे मी माझ्या घरात बघितलंय.

कासवांचंही सांगते. कासवांसाठी प्रसिद्ध असलेल्या वेळासपर्यंत तुम्हाला जायची गरज नाही, रत्नागिरी तालुक्यात गावखडीला ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. पिल्लं सोडायचा हंगाम जानेवारीनंतर चांगला असतो. अंड्यातून नर निघणार की मादी हे वाळूच्या उष्णतेवर ठरतं, हे सांगितलं की सातवीची मुलं तासभर प्रश्न विचारतात. वनखात्याचे आणि गावातले कासवमित्र असतात, त्यांना विचारूनच जा. आणि पिल्लांना कुणी हात लावायचा नाही हे मुलांना आधी शंभरदा बजावा.


मिरकरवाडा :

बाई, मी तुमच्या शाळेतला पालक नाही, पण पालक आहे आणि माझी होडी आहे. शाळेने आम्हाला बोलावलं तर आम्ही येतो, पण तुम्ही बोलावता डिसेंबरात, स्नेहसंमेलनाला, तेव्हा आम्ही पाण्यात असतो. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. होड्या वर ओढलेल्या, माणसं घरी, जाळी शिवायचं काम चाललेलं. शाळा जूनमध्ये सुरू होते. तेव्हा बोलावा. मी वर्गात बसून जाळं विणून दाखवीन. कांडाळीच्या जाळ्याचा आस, म्हणजे भोक, किती, डोलीच्या जाळ्याचा किती, कुठल्या आसातून कुठला मासा निसटतो, हे पोरांना हातात धरून कळेल. आमच्या पोरांनाही हे येत नाही हो आता, कारण जाळी तयार मिळतात.

दुसरं, बायकांना विसरू नका. खाडीतले मुळे, तिसऱ्या, कालवं असे शिंपले काढायचं काम बायकांचं. कुठल्या ओहोटीला कुठल्या चिखलात जायचं ते माझ्या आईला जेवढं ठाऊक होतं तेवढं मला नाही. आणि मासळी विकताना वाट्यांचा, टोपलीचा आणि उधारीचा हिशोब ती तोंडी करायची. अशा एखाद्या आजीला गणिताच्या तासाला बसवा.

सहलीबद्दल एक. येताना मिरकरवाड्याच्या जेट्टीवर थांबवा मुलांना, पण लिलाव चालू असताना. आम्ही होकायंत्र, जीपीएस आणि वायरलेस दाखवू. दीपगृहाचा दिवा नुसता पेटत नाही, प्रत्येकाची उघडझाप वेगळी असते, ती मोजून रात्री कळतं आपण कुठे आहोत. जयगडचं वेगळं, रत्नागिरीचं वेगळं. तुमच्या खाडीच्या तोंडावरून जे दीपगृह दिसत असेल त्याची उघडझाप पोरांना घरून सेकंदात मोजून आणायला सांगा.

एक मनातलं बोलतो. शाळेत आमचा धंदा शिकवला म्हणजे पोरगा धंद्यातच राहिला पाहिजे असं मला वाटत नाही. माझी मुलगी आठवीत आहे, तिला शिरगावला घालायचंय. मुलाला होडीवर यायचं असेल तर त्याने आधी मत्स्यव्यवसाय खात्याचं सहा महिन्यांचं प्रशिक्षण करावं, इंजिन आणि नौकानयन नीट शिकून यावं, मग यावं. पण त्याने ‘मला दुसरं काही येत नाही’ म्हणून होडीवर येऊ नये. आणि शिकून शहरात गेला तर बापाच्या कामाला अडाण्याचं काम समजू नये. एवढं शाळा करू शकते.


खाडीवरची बाई :

तुम्ही सगळ्यांनी इतकं मनापासून लिहिलंत, काय बोलू. आजच केंद्रप्रमुखांना दाखवलं. बांबू एका पालकांनी लगेच देऊ केला, रंग शाळेत आहे, सोमवारपासून वही सुरू करतो. खडे जमवायचं वर्गात सांगितलं तर दुसऱ्या दिवशी डब्याच्या झाकणात गुंडाळून सात आले, त्यातला एक माझ्या अंगठ्याच्या नखाएवढा होता. तो कुठल्या माशाचा यावरून वर्गात भांडण झालं आणि मी ते मिटवू शकले नाही, म्हणून दोघांना आपापली बाजू लिहून आणायला सांगितली. दोघांनी पान-पानभर लिहिलं.

दादा, जूनमध्ये तुम्हाला नक्की बोलावणार. जेट्टीवर यायचं तर लिलाव साधारण किती वाजता असतो तेवढं कळवा. आणि गुरुजी, सहलीचा दिवस ठरवताना तिथी बघायला हवी ना? किनाऱ्यावर जाऊ आणि भरती असेल तर मुलांना खडकांवरचं काहीच दिसणार नाही.


निवृत्त गुरुजी :

बरोबर बोललात. तृतीया किंवा चतुर्थीचा दिवस धरा, शुक्ल असो की वद्य. चतुर्थीला भरती तीनच्या सुमाराला, म्हणजे ओहोटी सकाळी नऊच्या आसपास, आणि पौर्णिमा-अमावास्येचं उधाण नुकतंच सरलेलं असल्यामुळे पाणी चांगलं मागे गेलेलं असतं. अष्टमीला ओहोटी दुपारी बाराला येईल, पण भांगाचं पाणी फार हटत नाही आणि मुलं उन्हात भाजतील. तेव्हा साडेआठला किनारा, अकराला झाडगाव, डबे खाऊन दोनला थिबा पॅलेस. तो दिवस सोमवार येत नाही ना तेवढं बघा. शेवाळलेल्या खडकांवर चपला घसरतात, मुलांना पट्ट्याचे सँडल घालून यायला सांगा, आणि दर दहा मुलांमागे एक मोठं माणूस ठेवा. पाण्यात कुणी उतरायचं नाही.


मिरकरवाडा :

बाई, लिलावाची वेळ होड्या येतात तशी बदलते. तारीख ठरली की इथे लिहा, आदल्या संध्याकाळी मी सांगतो. एसटी जेट्टीच्या आत येत नाही, बाहेर रस्त्यावर उभी करा, मी न्यायला येईन.